आठ दिवसांचा कापूस

घड्याळवाल्यांच्या बायकोला बोलायला फार आवडायचं आणि घड्याळवाल्यांना ते ऐकायला. या वाटणीवर अडतीस वर्षं संसार अगदी सुखाने चालला होता. ते डोळ्याला भिंग लावून दुकानात बसायचे आणि ती मागच्या खोलीत भाजी निवडत, कपड्यांच्या घड्या घालत, नाहीतर नुसतीच दाराला टेकून बोलत असायची. बोलणं शेजाऱ्यांच्या गळक्या नळापासून सुरू होवो की लेकीच्या सासूच्या गुडघ्यापासून, शेवटी ते एकाच ठिकाणी येऊन थांबायचं. ते ठिकाण म्हणजे तिच्या वडिलांची शिडाची होडी.

ही होडी वडिलांनी स्वतःच्या हाताने बांधलेली. साडेसहा मीटर लांब, एक डोलकाठी, एक मोठं शीड आणि पुढे एक छोटं. सातव्या वर्षी तिने पहिल्यांदा सुकाणू धरलं आणि पंधराव्या वर्षी ती एकटी खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन परत यायची. लग्नानंतरही वडिलांबरोबर जायची. जावयालाही आग्रह व्हायचा, पण घड्याळवाल्यांना पोहता येत नव्हतं, आणि सासऱ्यांचं बोलावणं आलं की दुकानात नेमकं काहीतरी तातडीचं काम निघायचं. अशी सोळा वर्षं गेली. मग सासरे वारले, होडी गोदीमागच्या मैदानात ताडपत्रीखाली गेली आणि बावीस वर्षं तिथेच पडून राहिली. बायकोला सुकाणूवर बसलेलं घड्याळवाल्यांनी आयुष्यात एकदाही पाहिलं नव्हतं. होडीतली प्रत्येक गाठ आणि प्रत्येक खिळा त्यांना तोंडपाठ होता, तो सगळा ऐकून.

मागच्या वर्षी गोदीच्या फाटकावर नोटीस लागली. मैदान रिकामं करायचं आहे. जी होडी पुढच्या वर्षीच्या मोठ्या भरतीला पाण्यावर एक तास, पंप न लावता, स्वतःच्या जोरावर उभी राहील, तिला नव्या धक्क्यावर जागा मिळेल. बाकीच्या कापून सरपण होतील. बायकोने नोटीस दोनदा वाचली आणि घरी येताना म्हणाली, "तरली तर तरली. नाही तरली तर मी पुन्हा तिचा विषय काढणार नाही."

आणि त्या संध्याकाळी ती खरंच काही बोलली नाही. दुकानात एकोणतीस घड्याळं होती. त्या सगळ्यांची टिकटिक घड्याळवाल्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली. हे असं रोज झालं तर आपलं कसं व्हायचं, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात फिरत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकानाला पाटी लावली, 'दुपारनंतर बंद', आणि खरवडायची पट्टी घेऊन गोदी गाठली.

मग काय विचारता. त्या वर्षात नवराबायकोने काय काय केलं ते सांगत बसलं तर भरती येऊन ओसरूनही जाईल. रंगाचे नऊ थर खरवडले. तळातल्या दोन फळ्या कुजल्या होत्या, त्या बदलल्या. बायकोने शीड घरच्या शिलाई मशीनवर शिवलं. शीड एवढं मोठं की ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आणि तिथून जिन्यावर पसरायचं आणि चहाला बसायचं तर आधी ते उचलून मांडीवर घ्यावं लागायचं. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दर रविवारी येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि म्हणायचा की ताई, हिच्यात माती भर आणि झाडं लाव, निदान फुलं तरी येतील. येताना मात्र न चुकता डांबराचा डबा नाहीतर तांब्याचे खिळे घेऊन यायचा.

फळ्यांमधल्या फटी भरायचं काम ठोकमावशींचं. चाळीस वर्षं त्यांनी गोदीत हेच केलं होतं. कापूस पिळून त्याची सुतळी करायची, ती फटीत धरायची आणि बोथट पटाशी लावून मोगरीने हलकेच ठोकून बसवायची. वर पुट्टी, त्यावर डांबर. मावशी ठोकायच्या तशाच बोलायच्याही, मोजकं आणि नेमकं वर्मावर, त्यामुळे हे नाव त्यांना दोन्ही अर्थांनी शोभायचं. त्यांनी सगळ्या फटी भरून पुऱ्या केल्या आणि त्यांचा गुडघा सुजला. घरी जाताना त्यांनी बजावलं की मी येईपर्यंत कापसाला कुणी हात लावायचा नाही. त्याच आठवड्यात नातू आजारी पडला म्हणून बायको लेकीकडे गेली.

घड्याळवाले होडीपाशी एकटे उरले. त्यांनी भिंग लावून मावशींचं काम पाहिलं आणि त्यांना वाईट वाटलं. कापूस अगदी सैल होता. काही ठिकाणी तर नख आत जात होतं. बिचाऱ्या म्हाताऱ्या झाल्या, त्यांनी मनाशी म्हटलं, हातात जोर राहिला नाही. आता हे त्यांना तोंडावर कसं सांगायचं? त्यापेक्षा आपणच गुपचूप नीट करून टाकू. बायको येईल आणि थक्क होईल.

ज्या माणसाने जन्मभर केसाएवढ्या जागेत चक्रं बसवली त्याला सैल म्हणजे चूक, यापलीकडे दुसरं काही ठाऊक नसतं. घड्याळवाल्यांनी आठ दिवस, सकाळी सात ते अंधार पडेपर्यंत, एकेक फट पुन्हा भरली. कापूस दुहेरी पिळला, ठोकून घट्ट बसवला, वर अजून एक पदर ठोकला. शेवटी पोस्टकार्डाचा कोपराही कुठे शिरेना, तेव्हा वर पुट्टी आणि डांबर फिरवलं. पुढच्या टोकाला डाव्या अंगाला एक फट होती, जिथे फळी वळण घेऊन वर चढते. त्या एका फटीला त्यांनी पूर्ण दिवस दिला. ती इतकी सुबक झाली की घरी जाताना ते दोनदा मागे फिरून तिच्यावरून बोट फिरवून गेले.

नवव्या दिवशी मावशी काठी टेकत आल्या. भरतीला पाच दिवस उरले होते. त्यांनी होडीच्या पोटावर बोटाच्या पेराने टकटक केलं, चार पावलं चालल्या, पुन्हा टकटक केलं.

"हे कुणी केलं?"

"मी," घड्याळवाले म्हणाले. खोटं कशाला बोला, त्यांची छाती जरा फुगलीच होती.

"घड्याळ असतं तर पाठ थोपटली असती तुमची," मावशी म्हणाल्या. "ही होडी आहे. बावीस वर्षं हे लाकूड तहानलेलं आहे. पाण्यात गेलं की पिणार, पिऊन फुगणार. फुगायला त्याला जागा नको? ती जागा मी ठेवली होती. तुम्ही ती बुजवलीत. आता फळी फळीला ढकलणार, खिळे उपटणार आणि होडी उकलणार."

"म्हणजे फटी ठेवून पाण्यात सोडायची? ती बुडेल."

"बुडेलच. बुडू द्यायची. एक दिवस पाणी पिऊ द्या तिला, आपल्या फटी ती आपणच मिटवते."

घड्याळवाले तिथेच एका ओंडक्यावर बसले. संध्याकाळी बायको आली तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं, रागावली असती तर बरं झालं असतं. तिने काही न बोलता पदर खोचला आणि डांबर खरवडायला घेतलं. तिचं ते न बोलणं पाहून घड्याळवाले घाबरले आणि घाबरल्यावर त्यांचं डोकं चालायला लागलं. ठोकून बसवलेला कापूस पटाशीने निघेना, फळीच्या कडा तुटायच्या. त्यांनी दुकानातून भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची पोलादी स्प्रिंग आणली, तापवून तिचं टोक वाकवलं, घासून त्याचा बारीक आकडा केला. आकडा फटीत सारायचा, अर्धं वळण द्यायचं आणि ओढायचं. कापूस अलगद बाहेर.

"हे बरंय," मावशी म्हणाल्या. "मला एक करून द्या."

चार दिवस तिघांनी मान वर केली नाही. घड्याळवाले कापूस काढायचे, मावशी मागून सैल भरत यायच्या, बायको पुट्टी लावायची. मेहुण्याने नोकरीवर रजा टाकली आणि डांबर ढवळत बसला. तिसऱ्या दिवशी बायको पुन्हा बोलायला लागली, आधी पुट्टीबद्दल, मग नातवाच्या तापाबद्दल, आणि घड्याळवाल्यांचा जीव भांड्यात पडला. सगळा कापूस निघाला. म्हणजे, एक फट सोडून. पुढच्या टोकाची, डाव्या अंगाची. आकडा घेऊन ते तिच्यासमोर बसले, पण हात होईना. अख्ख्या होडीत आपल्या हाताची एवढी तरी एक खूण राहू दे, असं त्यांनी मनाची समजूत घालत म्हटलं. शिवाय ती वर होती, पाण्याच्या रेषेपाशी, तिथे कितीसं लाकूड फुगणार? मावशींना ती भरून झालेली वाटावी म्हणून त्यांनी वरून डांबर फिरवलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

भरतीच्या दिवशी दुपारी होडी लाकडी रुळांवरून उताराने पाण्यात गेली. धक्क्यावर बरीच गर्दी जमली होती. होडी दिमाखात तरंगली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि टाळ्या थांबायच्या आत ती खाली बसायला लागली. वीस मिनिटांत नुसती वरची कड दिसत होती. लोक एकमेकांकडे बघायला लागले. गोदीचे साहेब चांगला माणूस, त्यांनी हळूच वही मिटली आणि म्हणाले की उद्याच्या भरतीपर्यंत मुदत आहे, मग माझा इलाज नाही. मेहुणा मोबाइलवर सगळं टिपत होता, त्यानेही तो खिशात घातला. बायको दोर बांधायच्या खुंटावर बसून शेंगदाणे खात बुडालेल्या होडीकडे पाहत होती आणि तिचे डोळे लहान मुलीसारखे चमकत होते.

"पितेय बघा," ती म्हणाली. "बाबांच्या वेळी दर वर्षी असंच. मी मोजत बसायचे बुडबुडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीत चौघांनी बादल्यांनी पाणी उपसलं. आणि काय सांगू, तळाच्या ज्या फटींतून काल पाण्याच्या चिळकांड्या उडत होत्या त्या मिटल्या होत्या. नुसत्या मिटल्या नव्हत्या, शोधून सापडत नव्हत्या. घड्याळवाले गुडघ्यांवर बसून भिंगाने बघत राहिले. कुणी हात न लावता, एका रात्रीत, केसाची जागा न सोडता फळीला फळी भिडली होती. असं काम त्यांना जन्मात जमलं नसतं आणि ते त्यांनी मोठ्याने कबूलही केलं.

भरती चढली. होडी उचलली गेली, डुलली आणि उभी राहिली. साहेबांनी आत उतरून तळाच्या वर चार बोटांवर खडूने रेघ मारली. पाणी रेघेवर गेलं की खेळ संपला. बायको होडीत बसली, पाण्यावर नजर ठेवायला. घड्याळवाल्यांनी खिशातलं घड्याळ काढलं. बारा चाळीस.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. तळात नुसता ओलावा. मेहुणा नाचायच्या बेतात आला होता. बाराव्या मिनिटाला पुढच्या टोकाकडून आवाज आला, टक. आवाज बारीक होता, पण ज्याने आयुष्य बारीक आवाज ऐकण्यात काढलं त्याला तो ऐकू आला. पाठोपाठ दुसरा. तांब्याच्या दोन खिळ्यांची डोकी वर आली, वळणावरच्या फळीचं टोक अंगठाभर बाहेर सरकलं आणि त्या भेगेतून पाणी धो धो आत शिरलं.

"तिथे तर मी सैल ठेवला होता," मावशी म्हणाल्या.

"तो एक मी काढलाच नव्हता," घड्याळवाले म्हणाले. "फार छान झाला होता म्हणून."

त्यांनी बायकोकडे बघायचं टाळलं. घड्याळ साहेबांच्या हातात कोंबलं, खिशातून आकडा काढला आणि चपला, चष्मा, सगळ्यासकट ते उतारावरून पाण्यात चालत गेले. पाणी गुडघ्यांना, कमरेला, छातीला लागलं. ज्या माणसाला बादलीतलं पाणीही जपून वापरायची सवय, तो माणूस हनुवटी वर करून होडीच्या टोकाशी पोहोचला आणि आकडा फटीत घातला.

"काका, पाणी आत शिरतंय आणि तुम्ही कापूस बाहेर काढताय?" साहेब वरून ओरडले.

"काढू द्या त्यांना," मावशी म्हणाल्या आणि सुजका गुडघा घेऊन त्याही पाण्यात उतरल्या. लाकूड फुगून कापूस दगड झाला होता. पहिल्या ओढीला काही आलं नाही. दुसऱ्या ओढीला आकडा वाकला.

"तीन बोटं उरली," आतून बायकोचा आवाज आला.

घड्याळवाल्यांनी दातांनी आकडा सरळ केला. खरंच, दातांनी. पुन्हा सारला, अर्धं वळण दिलं, होडीला पाय लावून ओढलं. एक टोक सुटलं. मग दुहेरी पीळ दिलेला, एकसारखा, कुठे गाठ नाही की गुंता नाही, असा तो सगळा कापूस हातभर, दोन हात लांब बाहेर येत राहिला. एवढं देखणं काम पाण्यात सोडून देताना त्यांना काहीही वाटलं नाही.

"दोन."

मेहुणा कपड्यांसकट उडी मारून आला आणि त्याने फळीला खांदा लावला. फट मोकळी झाल्यामुळे पाणी आधी आणखी जोरात शिरलं. मग फळीला जागा मिळाली आणि ती करकरत, इंचाइंचाने, मागे सरकून आपल्या जागी बसली. मावशींनी मोगरीच्या चार घावांत दोन्ही खिळे बसवले आणि कापसाची एक सैल बट अंगठ्याने नुसती दाबून ठेवली.

"एक," बायको म्हणाली.

तीस मिनिटं बाकी होती. चिळकांडीची धार झाली, धारेचे थेंब झाले. छातीभर पाण्यात उभे असलेले घड्याळवाले होडीच्या कडेला दोन्ही हातांनी धरून होते आणि आत बसलेली बायको त्यांच्या हातांपासून वीतभर अंतरावर खडूच्या रेघेकडे एकटक पाहत होती. होडीला आधार द्यायचा नाही, असा नियम होता. साहेबांनी त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं. त्या हातांनी होडीला आधार होत नव्हता, होडीचाच घड्याळवाल्यांना होत होता, हे साहेबांना कळत होतं.

"एक चाळीस," साहेब शेवटी म्हणाले. "झाला तास."

पाणी रेघेच्या अर्धं बोट खाली होतं. मेहुणा एवढ्या जोरात ओरडला की पलीकडच्या धक्क्यावरचे लोक उभे राहिले. बायकोने वाकून घड्याळवाल्यांच्या डोक्यावर जोरात एक टपली मारली आणि मग तोच ओला हात आपल्या डोळ्यांवरून फिरवला. ती टपली कापसासाठी होती, आणि ती त्यांना खूप आवडली.

मावशींनी अजून तीन दिवस होडी नुसती पाण्यात ठेवायला लावली. चौथ्या दिवशी सकाळी वारा चांगला होता. बायकोने शीड चढवलं, सुकाणूपाशी बसली आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या नवऱ्याला विचारलं की आज दुकानात काही तातडीचं काम तर नाही ना. घड्याळवाले उतरले. उतरताना त्यांनी डोळे मिटले होते, पण उतरले.

शिडात वारा भरला, होडी एका अंगाला कलली आणि धक्का मागे गेला. घड्याळवाल्यांनी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली आणि मग हळूच मान वळवून बायकोकडे पाहिलं. ती बोलत नव्हती. तिचं सगळं लक्ष शिडाच्या कडेकडे होतं. ती मान जराशी तिरकी करायची, सुकाणू बोटभर हलवायची, आणि साडेसहा मीटरची होडी तिचं ऐकायची. हा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. अडतीस वर्षं एका घरात राहून हा एक चेहरा आपल्याला ठाऊकच नव्हता, या विचाराने त्यांना इतका आनंद झाला आणि इतकी हळहळ वाटली की ते बोलायला लागले.

त्यांनी तिला सांगितलं की ते तातडीचं काम कधीच नसायचं. त्या सोळा वर्षांत एकदाही नव्हतं. ते घाबरायचे आणि लाजायचे, आणि ती खाडीत गेली की दुकानातली सगळी घड्याळं उघडून पुन्हा लावत बसायचे. मग आकड्याबद्दल सांगितलं, कापसाबद्दल, छातीपर्यंत पाणी आल्यावर काय वाटलं त्याबद्दल. सांगता सांगता त्यांनी फळी कधी सोडली ते त्यांना कळलं नाही. पुढच्या टोकाला डाव्या अंगाला एक थेंब जमत होता, पडत होता, पुन्हा जमत होता. त्यांनी तो पाहिला आणि बोलणं तसंच पुढे चालू ठेवलं.

"अहो," बायको शिडावरची नजर न काढता म्हणाली, "जरा गप्प बसा. वारा ऐकू येत नाहीये."

घड्याळवाल्यांना आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. ते गप्प बसले, पण फार वेळ त्यांना ते जमलं नाही.